विश्वासाचे वचन आणि त्यापुढचे पाच धिक्कार

हबक्कूकचे पुस्तक तीनच अध्यायांचे आहे. इसवी सनापूर्वीचे सातवे शतक सरत असताना अश्शूरचे साम्राज्य ढासळत होते आणि बाबेलचे खास्दी पश्चिमेकडे सरकत होते. त्या धामधुमीत हा संदेष्टा थेट देवालाच जाब विचारतो. देशात जुलूम माजला आहे, न्यायनिवाडा वाकडा होतो आहे, आणि तू नुसता पाहतोस? खास्द्यांच्या हातून शासन होईल, असे उत्तर येते. ते त्याला पटत नाही. आपल्याहून अधिक दुष्ट असलेल्यांकडून शिक्षा हा कुठला न्याय, असा त्याचा सवाल आहे. तो बुरुजावर उभा राहून पुढच्या उत्तराची वाट पाहतो, आणि त्या दुसऱ्या उत्तरात ते प्रसिद्ध वचन येते: गर्विष्ठाचे अंतःकरण सरळ नसते, नीतिमान तगतो तो विश्वासावर, अशा आशयाचे. पौलाने हे वचन रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत वापरले, इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यानेही वापरले, आणि पुढे सोळाव्या शतकात युरोपातील धर्मसुधारणेचा सारा डोलारा याच काही शब्दांवर उभा राहिला. मात्र हे वचन जिथे आहे तिथून थोडे पुढे वाचले की लागोपाठ पाच धिक्कार येतात: दुसऱ्याचे लुबाडून ढीग रचणाऱ्याचा, अन्यायाच्या नफ्यावर घर उंच बांधणाऱ्याचा, रक्त सांडून नगर वसवणाऱ्याचा, शेजाऱ्याला दारू पाजून त्याची अब्रू घेणाऱ्याचा आणि लाकडा-दगडाला जागे हो म्हणणाऱ्याचा. पाचांपैकी चार धिक्कार माणसाने माणसाशी केलेल्या वागणुकीचे आहेत. विश्वासाचे सर्वांत गाजलेले वचन कृत्यांच्या झाडाझडतीच्या अगदी दाराशी आहे. पुढच्या पानांत हिब्रू संदेष्ट्यांचा जो परिचय येईल तो या एका निरीक्षणावर बेतलेला आहे. विश्वास की कृत्ये, हा प्रश्न संदेष्ट्यांचा नव्हे. तो नंतरच्या वाचकांनी त्यांच्यापुढे टाकला, आणि महाराष्ट्रात तो आला तेव्हा त्याला आणखी एक धार चढलेली होती.

या वचनाचे ख्रिस्ती नसलेले दोन जुने वाचक आधी पाहू. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे १९४७ साली पहिल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत हबक्कूकवरचे एक भाष्य होते. भाष्यकार पौलाच्या थोडा आधीचा. त्याच्या मते हे वचन यहूदाच्या घराण्यात नियमशास्त्र पाळणाऱ्यांबद्दल आहे. त्यांचे कष्ट आणि ‘नीतिमत्त्वाचा शिक्षक’ या व्यक्तीवरील त्यांची निष्ठा पाहून देव त्यांची सुटका करील. म्हणजे पालन आणि एका व्यक्तीवरचा भरवसा ही दोन्ही त्याला एकाच वाक्यात सांगता आली, आणि त्यात काही विसंगत आहे असे त्याला वाटले नाही. दुसरा वाचक तालमूदमधला. रब्बी सिमलाईच्या नावे सांगितलेल्या चर्चेत मोशेला मिळालेल्या ६१३ आज्ञा हळूहळू आटोपशीर होत जातात. दावीद त्या अकरावर आणतो, यशया सहावर, मीखा तीनवर, आणि अखेर हबक्कूक एकावर. ही एकच आज्ञा म्हणजे आपले हे वचन. रब्बींनी विश्वासाला आज्ञांचे सार मानले. विश्वासाने आज्ञा मोडीत निघाल्या असे त्यांना कधी वाटले नाही. पौलाची अडचण या दोघांहून वेगळी होती. सुंता न झालेले, यहूदी पंचांग न पाळणारे ग्रीक आणि रोमी लोक देवाच्या घरात आले तर त्यांना कोणत्या दाराने घ्यायचे, हा त्याच्यासमोरचा पेच होता. त्या पेचात त्याने हबक्कूकला साक्षीला बोलावले. साक्षीदार खरा, साक्षही खरी. पण त्याला विचारलेला प्रश्न त्याच्या गावचा नव्हता.

इथे एक गोष्ट उलगडून ठेवली नाही तर पुढचे सारे गुंतत जाते. ‘कृत्ये’ म्हणून आपण जे एका टोपलीत टाकतो त्यात किमान तीन वेगळे जिन्नस आहेत: मंदिरातले होमहवन आणि सण, सुंता-शब्बाथ-आहार यांसारखी एका समाजाची ओळख सांगणारी पाळणूक, आणि न्याय, म्हणजे मजुराची मजुरी, विधवेचा दावा, तराजूचे माप. आमोसने पाचव्या अध्यायात सणांवर आणि अर्पणांवर आसूड ओढला तो पहिल्या जिन्नसावर, आणि लगेच तिसरा मागितला: न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यशयाचा पहिला अध्याय तेच करतो, अठ्ठावन्नावा अध्याय उपासाच्या निमित्ताने तेच करतो. पौल ज्यावर तुटून पडतो तो मुख्यतः दुसरा जिन्नस. मग ‘कृत्यांनी तारण नाही’ या सूत्राखाली तिन्ही जिन्नस एकत्र बांधून बाजूला सारले, तर संदेष्ट्यांनी जे सर्वांत आधी मागितले तेच हातून निसटते. यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायातला राजा यहोयाकीमवरचा आरोप पाहा. शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेऊन त्याने देवदारूचा महाल बांधला. संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण करून देतो: त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला, आणि मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय, असे देव विचारतो. देवाला ओळखणे ही विश्वासाची बाब मानावी की कृत्याची? यिर्मयाने ती विभागणी करायला जागाच ठेवलेली नाही. ज्याने मजुरी बुडवली त्याने देवाला ओळखले नाही, एवढे तो सांगतो.

युरोपात ही विभागणी कशी पक्की झाली ते थोडक्यात सांगितले तरी पुरे, कारण त्यावर ग्रंथांची कमी नाही. मार्टिन ल्यूथरने १५४५ साली मागे वळून लिहिताना रोमकरांस पत्रातल्या त्याच वचनाने आपल्याला स्वर्गाचे दार उघडल्याचे सांगितले. कृत्यांवर भर देणारे याकोबाचे पत्र त्याला गवताच्या तोलाचे वाटले. १५४७ साली ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने उलट बाजूची मांडणी केली, आणि दोन्ही बाजूंनी दारे लावून घेतली. मराठी मुलखात दोन्ही बाजू वेगवेगळ्या गलबतांतून आल्या. साष्टीत राहून मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचणारे थॉमस स्टीफन्स जेझुइट होते. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या या ग्रंथाचे पहिले पुराण जुन्या कराराची कथा सांगते, आणि तिचा सारा ओघ येणाऱ्या तारकाकडे आहे. दोनशे वर्षांनी मुंबईत उतरलेल्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी ल्यूथरची बाजू आणली. इथे त्यांना कॅथलिक प्रतिपक्षापेक्षा मोठा प्रतिपक्ष भेटला. १८३१ साली जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात गाजलेला वाद झाला, मोरभटांचे ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ निघाले, विल्सन यांनी त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकाठी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात पुन्हा जाहीर सवाल-जबाब झाले. या वादांत ‘कृत्ये’ म्हणजे आपोआप कर्मकांड ठरले: स्नान, दान, व्रत, तीर्थ. यशयाने मूर्ती घडवणाऱ्या सुताराची उडवलेली खिल्ली मराठी पुस्तिकांत सहज बसली. बसली नाही ती यशयाची दुसरी अर्धी बाजू. यशया, आमोस, मीखा आपल्याच मंदिरावर, आपल्याच पुरोहितांवर, आपल्याच सावकारांवर बोलतात. त्यांचे बोट घरातल्या माणसाकडे होते. दुसऱ्याच्या धर्माकडे वळवलेले तेच बोट कितीही जुने आणि पवित्र असले तरी संदेष्ट्याचे राहत नाही. विल्सन यांच्या विद्वत्तेचा आणि शाळांचा मान राखूनही हे म्हणावे लागते.

या वादाच्या सावलीत एक मराठी समाज होता ज्याच्यासाठी हे संदेष्टे परके नव्हतेच. कोकणपट्टीतले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. शतकानुशतके त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथ नव्हते. शमा, सुंता, शब्बाथ, आहाराचे काही नियम एवढीच शिदोरी. दाविद रहाबी नावाच्या परदेशी यहूद्याने त्यांना ओळखले कसे, याची त्यांच्या परंपरेतली कथा बोलकी आहे. त्याने घरातल्या बायकांपुढे मासे ठेवले. खवले नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले, आणि त्याला खात्री पटली. मत विचारून नव्हे, स्वयंपाकघरातली पाळणूक पाहून त्याने त्यांना आपले मानले. विल्सन यांनी यांच्यासाठीच १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले, मिशनच्या शाळांत त्यांची मुले हिब्रू शिकली. संदेष्टे मूळ भाषेत वाचले की ही मंडळी आपणहून ख्रिस्ताकडे येतील, अशी मिशनची अपेक्षा होती. घडले भलतेच. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि हिब्रू शिकलेल्या पिढ्यांतून जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांच्यासारखे विद्वान पुढे आले, ज्यांनी यहूदी प्रार्थना मराठीत आणल्या. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ साली उभे राहिले. एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करण्याची त्यांची चाल आजही टिकून आहे. मलाखीने ज्याच्या पुन्हा येण्याची वाट पाहायला सांगितली तो हा एलीया. ख्रिस्ती वाचकाच्या मते तो बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. बेने इस्राएल घरात तो अजून यायचा आहे, आणि नवस फेडताना त्याचे नाव घेतले जाते. या समाजाला ‘कृत्यांवर विसंबलेला’ म्हणणे मिशनऱ्याला सोपे होते. पण शेकडो वर्षे ग्रंथ नाही, पुरोहित नाही, बाहेरच्या कोणाचा आधार नाही, आणि तरी दर सातव्या दिवशी घाणा थांबवायचा, यामागे भरवसा नव्हता असे कोण म्हणेल? हबक्कूकने ज्याला तगून राहणे म्हटले त्याचे याहून चांगले मराठी उदाहरण सापडणे कठीण.

ख्रिस्ती बाजूला या प्रश्नाची सर्वांत कडक कसोटी पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात लागली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे सिद्धान्तांवरून खटके उडत राहिले. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्यास गेले. मुली ख्रिस्ती होत आहेत असा गवगवा झाल्यावर १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून दूर झाले. त्यांना रमाबाईंची कृत्ये हवी होती, विश्वास नको होता. चर्चमधल्या काहींना त्यांच्या कृत्यांचे कौतुक होते, विश्वासाबद्दल मात्र शंका होती. रमाबाईंनी स्वतः १९०७ सालच्या आत्मनिवेदनात लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो नंतर केवळ विश्वासाने मिळाला. ही भाषा निखळ ल्यूथरच्या परंपरेतली. पण या शोधानंतर त्या काय करतात? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन येतात, केडगावला मुक्ती मिशन उभे करतात, आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसतात. १९२२ साली त्या गेल्या, भाषांतर १९२४ साली छापून बाहेर आले. केवळ विश्वासाची साक्ष देणाऱ्या बाईच्या हातून इतके काम व्हावे, यात विरोधाभास दिसत असेल तर तो आपल्या विभागणीचा दोष आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायात विधवेचा कैवार घ्या असे सांगितले आहे. रमाबाईंच्या आधी, १८५७ सालीच, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांची कैफियत मांडली होती. मराठी ख्रिस्ती लेखनाने वादात जे गमावले ते विधवेच्या बाजूने उभे राहून बऱ्याच अंशी भरून काढले, असे मी म्हणेन.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप यशयाच्याच आधारे घेतला जातो. चौसष्टाव्या अध्यायात आपली सारी सत्कृत्ये मळक्या वस्त्रासारखी असल्याची कबुली आहे. मग संदेष्ट्यांनीच कृत्ये निकालात काढली नाहीत काय? वचन खरे आहे, पण त्याच्या अगदी आधीच्या वचनात तोच बोलणारा म्हणतो की जो आनंदाने नीतीने वागतो त्याला देव भेटायला येतो. हे एका उद्ध्वस्त समाजाचे सामूहिक विलापगीत आहे. मंदिर जळाले आहे, नगरे ओसाड पडली आहेत, आणि ते लोक म्हणताहेत की आमच्यात उरलेले चांगलेही डागाळले. त्यातून ‘कोणाच्याही कोणत्याही सत्कृत्याला देवापुढे किंमत नाही’ असा सिद्धान्त काढायचा तर आधीचे वचन झाकून ठेवावे लागते. यालाच जोडून असे म्हटले जाते की न्यायाच्या कृत्यांवर भर दिला की पुण्यसंचयाचा हिशेब मागच्या दाराने आत येतो. मराठी वाचकाला ही भीती विशेष जवळची, कारण त्याच्या कानांत कर्म म्हणताच फळ वाजते. पण संदेष्ट्यांच्या हिशेबात पहिली रक्कम नेहमी देवाची असते. मीखाच्या सहाव्या अध्यायात न्याय, दया आणि नम्रता यांची मागणी आठव्या वचनात येते. चौथ्या वचनात मिसरमधून सोडवल्याची आठवण आधीच दिलेली आहे. यहेज्केलच्या छत्तिसाव्या अध्यायात नवे हृदय देव देतो आणि मग माणूस त्याच्या विधींप्रमाणे चालतो. यिर्मयाचा नवा करार हृदयावर काय लिहितो? नियमशास्त्रच. कृपा आधी, हे कबूल. पण कृपेनंतर ते पान कोरे ठेवलेले नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर चालणार नाही. ख्रिस्ती माणसासाठी पौल हा हबक्कूकचा केवळ एक वाचक नव्हे. त्याचे वाचन शास्त्रातच आहे. मग कुमरानचे भाष्य आणि तालमूद यांना पौलाच्या पंगतीला बसवता येते का? माझे म्हणणे असे की पौलाचा अधिकार मानणाऱ्याने पौल पूर्ण वाचावा. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात हबक्कूक आहे, आणि दुसऱ्याच अध्यायात देव प्रत्येकाला त्याच्या कृत्यांप्रमाणे फळ देईल असेही आहे. गलतीकरांस पत्रात प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासालाच महत्त्व असल्याचे तो सांगतो. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व म्हणून गणले गेले, हे उत्पत्तीतले वचन पौल आणि याकोब दोघेही घेतात. एक पुत्राच्या वचनापाशी थांबतो, दुसरा वेदीवर बांधलेल्या इसहाकापर्यंत जातो. कथा एकच, थांबण्याचे ठिकाण वेगळे. १९७७ साली ई. पी. सँडर्स यांच्या ग्रंथाने पौलकालीन यहूदी धर्म हा पुण्याची कमाई करणारा धर्म होता या समजाला मोठा धक्का दिला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, २००६ साली मेथडिस्टही त्यात आले. ज्यांच्यात भांडण पेटले त्यांनीच ते बरेचसे मिटवत आणले असताना आपल्या मराठी अभ्यासवर्गांत ते अजून जुन्याच जोमाने चालू ठेवण्यात काय हशील?

तिसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. संदेष्टे समाजसुधारकच होते ना, मग विश्वासाचे एवढे ओझे कशाला? महात्मा फुल्यांनी मिशनऱ्यांच्या शाळांची कदर केली, पण बाप्तिस्मा घेतला नाही. तसेच संदेष्ट्यांकडूनही फक्त न्याय घ्यावा, देव राहू द्यावा, असे म्हणणारे प्रामाणिक वाचक आहेत. त्यांच्याशी माझी बरीच सहमती आहे, पण हबक्कूक त्यांनाही शेवटपर्यंत साथ देत नाही. यशयाच्या सातव्या अध्यायात आहाज राजाला सांगितलेला विश्वास ही काही मनातली भक्ती नव्हती. शत्रू दाराशी आलेले असताना अश्शूरच्या फौजेवर भिस्त ठेवू नको, असा तो रोखठोक राजकीय सल्ला होता. आणि हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी हा माणूस देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. न्याय मागूनही तो मिळालेला नाही, खास्दी येणारच आहेत. निव्वळ सुधारकाचा कार्यक्रम इथे थिटा पडतो. धिक्कार उच्चारायला जो धीर लागतो, आणि धिक्कार फळाला आले नाहीत तरी टिकायला जो धीर लागतो, तो एकच आहे. संदेष्ट्यांच्या लेखी त्याचेच नाव विश्वास.

हा परिचय भिवंडीतल्या कामतघरसारख्या ठिकाणी बसून वाचणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे, ही निवड सहेतुक आहे. १९८२च्या संपाने मुंबईच्या गिरण्या बसल्या आणि विणकामाचा मोठा भाग भिवंडीच्या यंत्रमागांवर आला. कामतघर-पद्मानगर भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, उत्तरेकडून आलेले कामगार आहेत, आणि मागावरची मजुरी मीटरवर मोजली जाते. इथे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातले अडवून ठेवलेल्या मजुरीचे वचन वाचले तर ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ती मजुरी ओरडते आणि तिचा आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो, असे याकोब म्हणतो. हा शब्दप्रयोग त्याने यशयाच्या पाचव्या अध्यायातून उचललेला दिसतो, जिथे घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार आहे. भिवंडीलगतच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी एका हाताने ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि दुसऱ्या हाताने हरित वसईच्या जमिनी वाचवण्याचे आंदोलन चालवले. ज्या कॅथलिक परंपरेवर प्रोटेस्टंटांनी कृत्यांचा ठपका ठेवला तिच्यातला हा धर्मगुरू, पण यशयाचे पाचवे प्रकरण वाचायला त्याला पंथाची परवानगी लागली नाही.

पुढच्या पानांतल्या मांडणीबद्दल एक खुलासा करायला हवा. ख्रिस्ती वाचक जुन्या करारात सहसा मसीहाबद्दलची भाकिते आधी शोधतो: यशयाचा त्रेपन्नावा अध्याय, मीखातले बेथलेहेम, जखऱ्यातले शिंगरू. या अभ्यासात ती शेवटी घेतली आहेत. त्यांचे महत्त्व कमी म्हणून नव्हे. ज्या मीखाने बेथलेहेमचे नाव घेतले त्याने त्याआधी, दुसऱ्या अध्यायात, अंथरुणात पडल्या पडल्या दुसऱ्याच्या शेताचे बेत करणाऱ्यांना गाठले आहे. त्या क्रमाने वाचले की बेथलेहेमहून येणाऱ्या राजाकडून मीखाची अपेक्षा काय होती, ते कळायला लागते.